मोरे यांचा खोकला

मोलिएरवर लिहायला बसतोय असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवतींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुम्हाला फ्रेंच कधीपासून यायला लागलं?’’

प्रश्न रास्त होता. मला फ्रेंच येत नाही. पॅरिस मी पाहिलेलं नाही. माझा परदेशप्रवास म्हणजे एकदा चुकीच्या गाडीत बसून गुलबर्ग्याला उतरलो होतो, तेवढाच. पण मोलिएरच्या एका नाटकात मी प्रमुख भूमिका केलेली आहे, आणि तीही पाटोद्याला. हा अधिकार पॅरिसमधल्या एकाही टीकाकाराला सांगता येणार नाही.

पाटोदा म्हटलं की हल्ली लोक विचारतात, ‘‘म्हणजे ते आदर्श गाव ना?’’ ते नव्हे. ते संभाजीनगरजवळचं. आमचं पाटोदा बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरावरचं तालुक्याचं गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि पहिलं काम कोणतं करते, तर तालुका सोडून जाते. तिचंच बघून की काय, दसरा-दिवाळी झाली की निम्मा तालुका ऊसतोडीला निघतो. गाड्या जुंपायच्या, बायकापोरं, भांडीकुंडी आणि कोंबड्या वर टाकायच्या आणि कारखान्याची वाट धरायची. म्हणून तिथे जे काही नाटकबिटक करायचं ते गणपतीत. नंतर टाळ्या वाजवायला हात शिल्लक नसत, ते सगळे कोयत्याला लागलेले असत.

मी एका कचेरीत कारकून म्हणून अंबाजोगाईहून तिथे बदलून गेलो होतो. १९७८ सालची गोष्ट. गणेश मंडळाच्या बैठकीत ठरलं की यंदा अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ करायचं. आता ‘कवडीचुंबक’ हे मोलिएरच्या कंजूष शेटजीवरच्या नाटकाचं रूपांतर आहे, हे आमच्यापैकी फक्त मास्तरांना माहीत होतं. अडचण अशी झाली की अत्र्यांचं पुस्तकच मिळेना. एका वाचनालयात ते होतं, पण कुणीतरी नेलेलं होतं, आणि नेणारा नदीच्या वळणावर गेलेला होता. तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘मूळ नाटकाचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. आठ दिवस द्या. मीच करतो मराठी.’’

आठव्या दिवशी मास्तर वही घेऊन आले. कंजूष शेटजीचं काम मला देण्यात आलं. मला वाटलं, माझ्यातला नट त्यांनी ओळखला. मास्तरांनी खुलासा केला, ‘‘तुम्हाला खोकला आहे ना, म्हणून. या भूमिकेला खोकला लागतो. मोलिएरला होता.’’

ज्या नटाची निवड छातीत कफ आहे म्हणून झाली असा मराठी रंगभूमीवर बहुधा मी एकटाच असेन.

तालमी सुरू झाल्यावर गावात बातमी पसरली की मंडळ यंदा मोलिएरचं नाटक बसवतंय. ‘मोलिएर’ शब्द आमच्या गल्लीत तीन घरं टिकला. चौथ्या घरापाशी त्याचा ‘मोरे’ झाला. आमचे घरमालक आण्णा मला म्हणाले, ‘‘हे मोरे कुटले? आष्टीचे का जामखेडचे?’’

‘‘पॅरिसचे,’’ मी म्हणालो.

‘‘आसतील. मोरे कुटं बी आसत्यात.’’

आण्णा हसण्यावारी म्हणाले असतील, पण मास्तरांनी रोज तालमीनंतर चहा पिताना मोलिएरची जी हकिगत सांगितली ती ऐकून माझीही खात्री झाली की हा माणूस आपल्यातलाच. त्याचं खरं नाव जाँ-बातिस्त पोक्लँ. जन्म पॅरिसचा, १६२२ सालचा. वडील राजाच्या पदरी गाद्या, पडदे, खुर्च्यांची कापडं यांचं काम बघणारे. हुद्दा वंशपरंपरेचा. मुलाने तो पुढे चालवला असता तर जन्मभर कुणी हलवलं नसतं. म्हणजे सरकारी नोकरी, तीही बदलीची नाही! आणि या पठ्ठ्याने एकविसाव्या वर्षी तो हुद्दा सोडला आणि नाटक कंपनी काढली. साल १६४३. आपल्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली, म्हणजे बरोब्बर दोनशे वर्षांनी. नाटकाचं वेड पॅरिसहून सांगलीला यायला दोनशे वर्षं लागली आणि सांगलीहून पाटोद्याला यायला आणखी सव्वाशे-दीडशे. आमच्याकडची एसटी लक्षात घेता हे फारसं नाही.

वडिलांचं नाव खराब होऊ नये म्हणून बहुधा, त्याने मोलिएर हे नाव घेतलं. कंपनीचं नाव ठेवलं ‘नामांकित नाटक मंडळी’ अशा अर्थाचं. नामांकित मंडळी दोन वर्षांत कर्जात बुडाली. १६४५ साली मालकाला तुरुंगात घातलं, आणि ज्या देण्यापायी घातलं त्यात मेणबत्त्यांचं बिल होतं! रंगमंचावर उजेड पाडण्याची उधारी. इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा आमच्या मंडळाचे खजिनदार चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘पेट्रोमॅक्स भाड्याने घेऊ नका बुवा. वीज गेली तर जाऊ दे.’’

तुरुंगातून सुटल्यावर हा माणूस गप्प घरी जाऊन गाद्यांचं काम बघेल की नाही? नाही. तो उरलेली टोळी घेऊन पॅरिसबाहेर पडला, तो तेरा वर्षं परतला नाही. तेरा वर्षं गावोगाव. आज इथे, उद्या तिथे. कधी टेनिससारख्या खेळाच्या रिकाम्या हॉलात, कधी सरदाराच्या वाड्यात. मध्ये एका राजपुत्राचा आश्रय मिळाला, तर पुढे तो राजपुत्र एकाएकी धार्मिक झाला आणि त्याने नाटकवाल्यांना दार बंद केलं. आमच्या मंडळातला एक पोरगा, जो दरवर्षी टोळीबरोबर कारखान्याला जात असे, तो हे ऐकून म्हणाला, ‘‘मास्तर, ह्ये तर आमचंच झालं. फरक येवढाच, त्येला मुकादमानं उचल दिली न्हवती.’’

मला वाटतं, मोलिएरवर पुष्कळ विद्वानांनी पुष्कळ लिहिलं असेल, पण या पोराइतकं मर्मावर बोट थोड्यांनीच ठेवलं असेल. कारण मोलिएरचं सगळं शिक्षण त्या तेरा वर्षांत झालं. राजधानीतला प्रेक्षक शहाणा असतो. त्याला कळलं नाही तरी तो कळल्यासारखा बसतो. गावचा प्रेक्षक तेवढा सभ्य नसतो. त्याला हसू आलं नाही तर तो उठून शेंगा आणायला जातो. तेरा वर्षं ज्याने अशा शेंगावाल्यांना जागेवर बसवून ठेवलं, त्याला पुढे चौदाव्या लुईला बसवून ठेवणं काय जड?

ते बसवून ठेवणंही मजेशीरच झालं. २४ ऑक्टोबर १६५८ या दिवशी राजासमोर प्रयोग लागला. राजा वीस वर्षांचा, मोलिएर छत्तिसाव्या वर्षात. यांनी आधी कॉर्नेय या मोठ्या नाटककाराची गंभीर शोकांतिका केली. कारण मोलिएरची जन्मभराची हौस होती शोकांतिकेतला नायक होण्याची! दरबाराने सौजन्याने जांभया आवरल्या. मग मोलिएर पुढे आला, त्याने अदबीने माफी मागितली आणि गावोगाव करत होतो तो एक छोटा फार्स करून दाखवू का म्हणून विचारलं. फार्स झाला. राजा खदखदून हसला आणि मंडळींना पॅरिसात थिएटर मिळालं.

विनोदी माणसाची ही जुनी शोकांतिका आहे. त्याला रडवायचं असतं आणि लोक हसतात. मोलिएरचं मोठेपण हे की त्याने हे एकदाचं मान्य केलं, आणि रडवायचं ते सगळं हसण्याच्या आत भरायला सुरुवात केली.

आता या मोरे मंडळींचं मराठीत काय झालं ते थोडं सांगतो. त्याच्या एका नाटकात एका लाकूडतोड्याला झोडपून झोडपून ‘मी डॉक्टर आहे’ असं कबूल करायला लावतात. हरिभाऊ आपट्यांनी त्याचं मराठी केलं आणि नाव दिलं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून दोन पिढ्यांना रडवणारे हरिभाऊ ते हेच. असं नाव सुचल्यावर खरं तर नाटक लिहिण्याचीही गरज नाही. फ्रेंचमध्ये हा लाकूडतोड्या आपल्या इच्छेविरुद्ध डॉक्टर होतो. मराठीत तो मारून मुटकून होतो, म्हणजे पाठीवरचे वळसुद्धा नावात दिसतात. अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ हे नावही तसंच. नुसता कंजूष नाही, कवडीलाही ओढून घेणारा लोहचुंबक. ही उसनवारी आहे असं नाक मुरडून सांगणारे लोक मला भेटतात. त्यांना मी सांगतो, मोलिएरने तरी हा कंजूष कुठून आणला? दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराकडून. कंजुषाची गोष्ट फुकट मिळत असताना विकत कोण घेईल?

पण रूपांतराबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मला पाटोद्याच्या प्रयोगाने शिकवली. म्हणून आधी प्रयोगाचं सांगतो.

त्या रात्री पाऊस नव्हता. पटांगणात दीड-दोन हजार माणूस. डाव्या बाजूला बायका, उजवीकडे गडी, पुढे सतरंजीवर पोरं, आणि पोरांच्या मागे खुर्च्यांवर वर्गणीदार. सर्वांत मोठी वर्गणी ज्यांच्याकडून येणं बाकी होतं ते आमचे घरमालक आण्णा मधल्या खुर्चीत.

आण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. माझ्या खोलीतला दिवा रात्री दहानंतर दिसला तर ते खालून खाकरत. खाटेखाली एक लोखंडी पेटी होती, आणि घरातलं सगळं वळण तिच्या सोयीने होतं. गरजूंना ते पैसे देत. व्याज किती घेत ते कुणी सांगत नसे, पण घेणारा माणूस वाड्यातून बाहेर पडताना दोन वेळा मागे वळून बघत असे. घरात एक लग्नाची मुलगी होती, आणि जामखेडकडच्या एका बिजवराचं स्थळ चाललेलं होतं. बिजवर पंचेचाळिशीचा. मुलगी विशीची. बिजवराचा मोठा गुण एकच, की तो हुंडा मागत नव्हता.

आता मोलिएरच्या नाटकात काय आहे? शेटजीचा मुलगा गुपचूप एका सावकाराकडून कर्ज काढायला जातो. व्याज शेकडा पंचवीसच्या वर. शिवाय सगळी रक्कम रोख नाही, काही भाग जुन्यापान्या सामानाच्या रूपात घ्यायचा, त्यात गवत भरलेली एक भली मोठी पालसुद्धा! आणि समोरासमोर आल्यावर कळतं की सावकार म्हणजे आपलाच बाप. मास्तरांनी पालीच्या जागी मोडका नांगर, तळ गेलेली मोट आणि एक भाकड म्हैस घातली होती. म्हशीला पहिला हशा आला. तो असा आला की मला माझं पुढचं वाक्य आठवेना. गडी हसत होते आणि हसता हसता आण्णांकडे बघत होते. आण्णा शांत. ते बहुधा म्हशीची किंमत काढत असावेत.

मग दुसरा प्रवेश. शेटजी आपल्या मुलीचं लग्न एका वयस्कर माणसाशी ठरवतो. मुलगी नको म्हणते. दुसरं पात्र एकेक कारण काढतं, वय जुळत नाही, मन जुळत नाही, जन्माचा प्रश्न आहे. आणि दर वेळी शेटजीचं उत्तर एकच, की तो हुंडा मागत नाही. तेच उत्तर, तसंच, पुन्हा पुन्हा. पॅरिसात या जागेवर हशा पिकत असे म्हणतात. तालमीत आम्हीही पोट धरून हसलो होतो.

मी पहिल्यांदा ते उत्तर दिलं. पोरं हसली. दुसऱ्यांदा दिलं. थोडे गडी हसले. तिसऱ्यांदा दिलं आणि पटांगणात काहीच झालं नाही. बायकांच्या बाजूला तर एवढी शांतता की काकणाचा आवाज ऐकू यावा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झाला होता. पाटोद्यापर्यंत तो पोचलाही होता, फक्त लग्नाच्या याद्या करताना त्याला बोलावणं नसे. त्या पटांगणात बसलेल्या प्रत्येक बापाने कधी ना कधी हा हिशेब केलेला होता, आणि प्रत्येक बाईच्या बाबतीत कुणीतरी केलेला होता. मी चौथ्यांदा ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि मला खोकला आला. खरा खोकला. तालमीतला नव्हे. मी खोकतोय, खोकतोय, आणि समोर आण्णा, दोन्ही हात काठीवर, माझ्याकडे एकटक बघतायत.

दहावीतला जो पोरगा मुलीचं काम करत होता त्याने मला पाणी आणून दिलं. हे वहीत नव्हतं. बायकांमध्ये कुणीतरी पदराने डोळे पुसले. विनोदी नाटक!

पुढे पेटी चोरीला जाण्याचा प्रवेश आला म्हणून आम्ही वाचलो. शेटजी वेडापिसा होतो, स्वतःचाच दंड चोराचा म्हणून धरतो, आणि शेवटी थेट प्रेक्षकांकडे वळून विचारतो की चोर तुमच्यात तर नाही ना. मी जीव तोडून पटांगणाला विचारलं, पेटी कुणी नेली? तर मागून आवाज आला, ‘‘ते मागनं बघू! आधी गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब सांगा!’’ त्याबरोबर आमचे खजिनदार विंगेतून धावत बाहेर आले आणि त्यांनी नाटक थांबवून मांडववाला, बत्तीवाला, प्रसादाचे पेढे असा सगळा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांना त्या रात्री माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होतो. खाली आण्णा.

‘‘या शेटजी,’’ ते म्हणाले. मी मनातल्या मनात बिऱ्हाड बांधलं.

‘‘पैसं आसं मोजत्यात व्हय?’’ आण्णा म्हणाले. ‘‘तुमी मोजताना लोकांकडं बगत व्हता. मोजणारा माणूस कंदी लोकांकडं बगत न्हाई. आन् शेवटाला पेटी घावल्यावर म्या असतो तर आदी मोजली आसती. पोरांची लग्नं मंग.’’

मी मान डोलावली. हा दोष बरोबर होता. आण्णा थांबले नाहीत.

‘‘आन् शेवट पटला न्हाई. कुटला कोन यीवून दोन्ही लग्नाचा खर्च करतो म्हनतो. वर शेटजीला नवीन कापडं. आसा याही कुटं मिळतो का? मोऱ्यांनी तितं घाई केली.’’

वाचकहो, मी नंतर मोलिएरवरची काही इंग्रजी पुस्तकं चाळली. त्याची शेवटं जुळवलेली वाटतात, हरवलेला बाप ऐनवेळी उगवतो, गाठी ओढूनताणून सुटतात, असा आक्षेप त्यांत सापडला. आण्णांनी तो पायरीवर बसून, दात घासता घासता घेतला होता. एकच फरक. पुस्तकवाले शेटजीला हसत होते. आण्णा शेटजीच्या बाजूने विचार करत होते, म्हणून त्यांना नाटक जास्त समजलं.

आणि इथे मला माझी तक्रार सापडली. आपण परक्या मुलखातलं विनोदी नाटक आणतो तेव्हा नावं बदलतो, जेवण बदलतो, पालीची म्हैस करतो. पण ज्याला हसायचं तो माणूस आपण नेहमी शेजारच्या घरात ठेवतो. मोलिएरने तो स्वतःच्या घरात ठेवला. चाळिसाव्या वर्षी त्याने वयाने खूप लहान मुलीशी लग्न केलं, साल १६६२. त्याच वर्षी त्याने नाटक लिहिलं ते कोवळ्या मुलीला बायको करू पाहणाऱ्या उतारवयाच्या संशयी माणसावर, आणि त्या माणसाचं काम केलं स्वतः. १६६८ साली कंजूष शेटजी लिहिला तेव्हा त्याची छाती बिघडलेली होती. त्याने तो खोकला सरळ नाटकात घातला. एक बाई शेटजीला सांगते की तुम्हाला खोकतानासुद्धा किती शोभून दिसतं! कंपनीतला एक नट लंगडत असे, तर शेटजीच्या तोंडी नोकराच्या लंगडेपणावर शिवी आली. म्हणजे मंडळींची सगळी दुखणी कामाला लावली होती. रूपांतरकार नाटकाची गोष्ट आणू शकतो, विनोद आणू शकतो. लेखकाचा खोकला काही आणता येत नाही. तो ज्याच्या त्याने आपल्या घरून आणावा लागतो.

म्हणूनच पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची टर उडवण्याचा त्याला हक्क पोचत होता. त्याने सरदारांची उडवली, डॉक्टरांची उडवली, विदुषी म्हणवणाऱ्या बायकांची उडवली. तोपर्यंत चाललं. १६६४ साली ‘तार्त्युफ’मध्ये देवाधर्माच्या नावाने दुसऱ्याच्या घरात घुसणाऱ्या भोंदूची उडवली, आणि बंदी आली. एका धर्मगुरूने तर याला जाळलाच पाहिजे असं लिहिलं. राजा मनातून मोलिएरच्या बाजूचा, त्याच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता झालेला. तरी परवानगी मिळायला १६६९ उजाडलं. पाच वर्षं. या पाच वर्षांत तो गप्प बसला नाही, पळून गेला नाही. अर्ज लिहीत राहिला आणि दुसरी नाटकं करत राहिला. कारण पाठीमागे कंपनी होती आणि कंपनीला रोज जेवायचं होतं.

शेवटही तसाच. १७ फेब्रुवारी १६७३. नाटक कोणतं, तर आजारी नसताना आजारी असल्याचं मानून बसलेल्या माणसाचं. चौथा प्रयोग. त्या माणसाचं काम करणारा मोलिएर मात्र खराखुरा आजारी. घरच्यांनी सांगितलं, आज नको. त्याच्या जुन्या चरित्रात असं आलेलं आहे की तो म्हणाला, पन्नास गरीब माणसं रोजंदारीवर आहेत, आज खेळ झाला नाही तर ती काय खातील? आपल्या बालगंधर्वांनी मुलगी गेली त्याच दिवशी, १२ मार्च १९११ ला, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. मराठी वाचकाला म्हणूनच हे समजावून सांगावं लागत नाही. मोलिएर उभा राहिला. शेवटच्या प्रवेशात त्याला झटका आला, तो त्याने हसण्यात लपवला, आणि प्रेक्षक हसले. त्याच रात्री घरी तो गेला. वय एक्कावन्न. नट म्हणून धर्माने पुरायला नकार दिला. बायकोने राजाकडे पदर पसरला, तेव्हा रात्रीच्या अंधारात पुरण्याची परवानगी मिळाली. जन्मभर ज्याने मेणबत्त्यांचं बिल भरलं त्याची ही शेवटची बत्ती. १६८० साली त्याच्या मंडळींतून फ्रान्सचं राष्ट्रीय थिएटर उभं राहिलं. ते आज चालू आहे, आणि त्या शेवटच्या प्रयोगाची खुर्ची तिथे जपून ठेवलेली आहे.

आता आमच्या आण्णांचं राहिलं. त्या पायरीवर सगळी टीका करून झाल्यावर मी धीर करून विचारलं, ‘‘आण्णा, मंडळाची वर्गणी?’’

‘‘कशाची वर्गणी?’’ आण्णा म्हणाले. ‘‘नाटक माज्यावर केलं. मानसं मला बगाया आली. मोऱ्यांनीच मला काय ते द्याया पायजे!’’

मी हसलो. आण्णाही हसले. मी त्यांना हसताना पाहिलेलं ते तेवढंच, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

जामखेडच्या त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. नाटकामुळे मोडलं असं मास्तर म्हणत. खजिनदारांचं म्हणणं असं की बिजवराने ऐनवेळी मोटारसायकल मागितली. नाटकाने माणूस बदलतो की नाही या वादात मी पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या दिवाळीत आण्णांच्या घरून माझ्या खोलीवर पहिल्यांदाच फराळाचं ताट आलं. ताट घेऊन त्यांची मुलगी आली होती. आण्णा खालून ओरडले, ‘‘ताट परत आन गं!’’

हे सगळं आठवायचं कारण सांगतो. परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीत नातवंडांनी एक प्रहसन बसवलं. त्यात एक म्हातारा होता. तो घरभर फिरून पंखे बंद करत होता, वापरलेल्या पाकिटांच्या मागे हिशेब लिहीत होता आणि दर दोन वाक्यांनी खोकत होता. लोक हसून हसून लोळत होते. मी पहिल्या रांगेत होतो. नातवाला नंतर जवळ बोलावून मी म्हणालो, ‘‘खोकला चांगला केलास. पण पंखा बंद करणारा माणूस लोकांकडे बघत नाही. तो मीटरकडे बघतो.’’

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन आले. त्यांना मी आण्णांचं उत्तर दिलं.